अमेरिकेतील सार्वजनिक शाळा: शिक्षकवर्गातील वांशिक वैविध्य कसे तपासावे आणि ते वाढावे म्हणून काय करावे

अमेरिकेतील सार्वजनिक शाळांत शिकणाऱ्या मुलांमध्ये श्वेतवर्णीय मुलांचे प्रमाण २०१४ साली प्रथमच निम्म्याच्या खाली गेले आणि २०२२ पर्यंत ते सुमारे ४४ टक्क्यांवर आले. त्या वर्षी सुमारे २९ टक्के मुले हिस्पॅनिक, १५ टक्के कृष्णवर्णीय आणि ५ टक्के आशियाई होती. शिक्षकांच्या खोलीत मात्र वेगळेच चित्र दिसते. राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या २०२०-२१ च्या पाहणीनुसार देशातील सुमारे ३८ लाख सार्वजनिक शिक्षकांपैकी ८० टक्के श्वेतवर्णीय, ९ टक्के हिस्पॅनिक, ६ टक्के कृष्णवर्णीय आणि केवळ २ टक्के आशियाई होते. १९८७-८८ मध्ये श्वेतवर्णीय शिक्षक सुमारे ८७ टक्के होते, म्हणजे तीन दशकांहून अधिक काळात बदल झाला, पण मुले ज्या वेगाने बदलली त्या वेगाने शिक्षकवर्ग बदलला नाही.

न्यू जर्सी, टेक्सास, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांची मुले याच शाळांत जातात, आणि शाळेचे दर्जांक, गणिताचे वर्ग, कॉलेज प्रवेश यांची बारकाईने चौकशी करणारे आपले पालक वर्गासमोर कोण उभे आहे हा प्रश्न सहसा विचारत नाहीत. तो कसा विचारावा, त्याचे उत्तर कुठून मिळवावे आणि उत्तर असमाधानकारक असेल तर कायद्याच्या चौकटीत राहून काय मागावे, हे येथे क्रमाने मांडले आहे. शेवटचा भाग स्वतः शिक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी आहे.

आरंभी एक गोष्ट सांगणे आवश्यक वाटते. शिक्षकवर्गातील वैविध्य म्हणजे ‘आपल्यातला’ एखादा शिक्षक मिळवणे, एवढ्यापुरते हे काम पाहू नये. या देशात ही तूट सर्वांत खोल आहे ती कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांसाठी, आणि तिला इतिहास आहे.

तूट कशी निर्माण झाली हे आधी समजून घ्यावे

१७ मे १९५४ रोजी ‘ब्राउन विरुद्ध बोर्ड ऑफ एज्युकेशन’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णविभाजन घटनाबाह्य ठरवले. मुले एकत्र येऊ लागली, पण दक्षिणेकडील बहुतेक ठिकाणी हे एकत्रीकरण कृष्णवर्णीयांच्या शाळा बंद करून झाले आणि त्या शाळांतील शिक्षक व मुख्याध्यापकांना नव्या शाळांनी सामावून घेतले नाही. दक्षिणेकडील आणि उत्तर-दक्षिणेच्या सीमेवरील १७ राज्यांत १९५४ ते १९६५ या काळात ३८,००० हून अधिक कृष्णवर्णीय शिक्षक व प्रशासकांच्या नोकऱ्या गेल्या, असा आकडा सर्वत्र दिला जातो. ज्या कॅन्सस राज्यातील टोपेका शहरातून हा खटला उभा राहिला, तेथील शाळा अधीक्षकांनी तर निकालाच्या आधीच, मार्च १९५३ मध्ये, कृष्णवर्णीय शिक्षकांना पत्र पाठवले होते. विभाजन रद्द झाले तर श्वेतवर्णीय मुलांसाठी कृष्णवर्णीय शिक्षक नेमणे शहरातील बहुसंख्य लोकांना रुचणार नाही असे गृहीत धरून बोर्ड चालेल, असे त्या पत्रात स्वच्छ लिहिले होते.

हा इतिहास सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. “पात्र उमेदवारच मिळत नाहीत” हे वाक्य तुम्हाला स्कूल बोर्डाच्या, म्हणजे परिसरातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या, सभेत हमखास ऐकू येईल. जे उमेदवार होते त्यांना एका पिढीत व्यवसायातून बाहेर काढले गेले आणि त्यांच्या मुला-नातवंडांनी शिक्षकी पेशाकडे पाठ फिरवली, ही त्या वाक्यामागची वस्तुस्थिती आहे. ती माहीत असलेला पालक त्या वाक्यापाशी थांबत नाही, पुढचा प्रश्न विचारतो.

संशोधन काय सांगते आणि काय सांगत नाही

सभेत बोलायचे तर आधार भक्कम हवा. टेनेसी राज्यात १९८० च्या दशकात वर्गाचा आकार लहान केल्यास काय होते हे पाहण्यासाठी मुलांना आणि शिक्षकांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे वर्ग वाटून देण्यात आले होते. त्यामुळे कोणत्या मुलाला कोणत्या वंशाचा शिक्षक मिळाला हेही योगायोगाने ठरले, आणि पुढे संशोधकांना त्याचा परिणाम स्वच्छपणे मोजता आला. सेठ गर्शेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की, बालवाडी ते तिसरी या काळात किमान एक कृष्णवर्णीय शिक्षक लाभलेल्या कृष्णवर्णीय मुलांची हायस्कूल पूर्ण करण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात प्रवेश घेण्याची शक्यता सुमारे १९ टक्क्यांनी अधिक होती. एकाच वर्षाचा एक शिक्षक, आणि परिणाम दहा-बारा वर्षांनंतर दिसतो, ही बाब मला स्वतःला फार महत्त्वाची वाटते. दुसऱ्या एका अभ्यासात एकाच विद्यार्थ्याविषयी दोन शिक्षकांचे मत विचारले गेले. कृष्णवर्णीय विद्यार्थी चार वर्षांची पदवी पूर्ण करील अशी अपेक्षा कृष्णवर्णीय नसलेल्या शिक्षकांनी कृष्णवर्णीय शिक्षकांच्या तुलनेत बरीच कमी बाळगली.

आणखी एक निष्कर्ष आपल्या पालकांनी विशेष लक्षात ठेवावा. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चेर्ंग आणि हाल्पिन यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांनाच शिक्षकांविषयी विचारले होते आणि कृष्णवर्णीय व लॅटिनो शिक्षकांबद्दल आशियाई मुलांसह वेगवेगळ्या वंशांच्या मुलांचे मत अनुकूल दिसले. म्हणजे हा लाभ एका गटापुरता नाही.

मात्र यातून असा अर्थ काढू नये की विशिष्ट वंशाचा शिक्षक आपोआप उत्तम शिकवतो, किंवा प्रत्येक मुलाला त्याच्याच वंशाचा शिक्षक द्यावा. ही सरासरी आहे. तिच्या आधारे एखाद्या शिक्षकाची पारख करणे अन्यायाचे ठरेल, आणि मुलांचे वर्ग वंशानुसार वाटणे तर बेकायदेशीर ठरेल.

आपल्या डिस्ट्रिक्टचे आकडे कसे मिळवावेत

राष्ट्रीय आकडा वर्तमानपत्रात शोभतो. तुमच्या स्कूल बोर्डाला विचारायचे असेल तर डिस्ट्रिक्टचा, म्हणजे त्या बोर्डाखालील सर्व शाळांचा, आणि शक्यतो शाळेचा, आकडा हातात असावा. विद्यार्थ्यांची वांशिक आकडेवारी राष्ट्रीय शिक्षण सांख्यिकी केंद्राच्या ‘कॉमन कोअर ऑफ डेटा’ या संचात शाळावार मिळते, शिक्षकांची मात्र राज्याच्या संकेतस्थळावर शोधावी लागते. न्यू जर्सीत ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’मध्ये विद्यार्थी आणि शिक्षक यांची वांशिक टक्केवारी शेजारी शेजारी दिलेली असते. टेक्सासमध्ये ‘टेक्सास अकॅडमिक परफॉर्मन्स रिपोर्ट’, इलिनॉयमध्ये ‘इलिनॉय रिपोर्ट कार्ड’, कॅलिफोर्नियात ‘डेटाक्वेस्ट’ आणि मॅसॅच्युसेट्समध्ये शिक्षण खात्याचे शाळा व डिस्ट्रिक्ट प्रोफाइल पाहावे. एकाच वर्षाचा आकडा घेऊन थांबू नये, निदान पाच वर्षे मागे जावे.

राज्याच्या अहवालात हवे ते न मिळाल्यास सार्वजनिक नोंदींच्या कायद्याखाली अर्ज करता येतो. भारतातील माहिती अधिकाराच्या अर्जाची सवय असलेल्यांना यात अवघड असे काही नाही. न्यू जर्सीत या कायद्यानुसार साधारणपणे ७ कामकाजाच्या दिवसांत, इलिनॉयमध्ये ५ कामकाजाच्या दिवसांत आणि कॅलिफोर्नियात १० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते, मात्र काही कारणांसाठी मुदतवाढ घेता येते. काय मागायचे हे नेमके ठाऊक असले तर उत्तर टाळणे कठीण जाते. १०० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या स्कूल डिस्ट्रिक्टना केंद्रीय समान रोजगार संधी आयोगाकडे दर दोन वर्षांनी ‘ईईओ-५’ नावाचा तक्ता भरावा लागतो आणि त्यात शिक्षक, मुख्याध्यापक, साहाय्यक अशा कामाच्या प्रकारांनुसार व वंशानुसार संख्या असतात. तक्ता डिस्ट्रिक्टकडे तयार असल्याने ‘अशी माहिती आम्ही ठेवत नाही’ असे उत्तर देण्यास जागा उरत नाही. अर्जाचा मजकूर साधारण असा असावा:

“गेल्या तीन वेळा सादर केलेल्या ईईओ-५ अहवालांच्या प्रती द्याव्यात. तसेच गेल्या पाच शैक्षणिक वर्षांतील प्रत्येक वर्षासाठी, स्वेच्छेने दिलेल्या वांशिक माहितीच्या आधारे, पुढील एकत्रित संख्या द्याव्यात: शिक्षक पदासाठी आलेले अर्ज, मुलाखतीस बोलावलेले उमेदवार, नियुक्ती देऊ केलेले उमेदवार, रुजू झालेले शिक्षक आणि नोकरी सोडून गेलेले शिक्षक. कोणत्याही व्यक्तीचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील नको आहे.”

शेवटचे वाक्य केवळ औपचारिकता म्हणून घातलेले नाही. वंश ही प्रत्येकाने स्वतः सांगायची गोष्ट आहे. शाळेच्या संकेतस्थळावरील छायाचित्रे किंवा आडनावे पाहून शिक्षकांची मोजदाद करण्याचा मोह टाळावा, कारण तसे करणे चुकीचेही आहे आणि ज्यांच्यासाठी आपण बोलतो आहोत त्यांनाच ते अपमानास्पद वाटते.

आकडे आल्यावर ‘आशियाई’ या रकान्याकडे सावधपणे पाहावे. भारतीय, चिनी, फिलिपिनो, व्हिएतनामी, कोरियन असे सर्व गट त्यात एकत्र मोजले जातात. त्यामुळे ज्या डिस्ट्रिक्टमध्ये बहुतेक आशियाई मुले भारतीय आहेत तेथे काही मोजके आशियाई शिक्षक असले तरी त्यांत भारतीय कोणीही नसण्याची शक्यता राहते. उलट दिशेनेही हा रकाना फसवतो. आशियाई शिक्षक वाढले की ‘श्वेतेतर शिक्षक’ असा एकत्रित आकडा वर जातो आणि कृष्णवर्णीय शिक्षक कमी होत असल्याचे झाकले जाते. म्हणून एकत्रित आकड्यावर कधीही समाधान मानू नये, प्रत्येक गट वेगळा पाहावा, आणि शाळावार वाटणीही पाहावी, कारण डिस्ट्रिक्टचे बहुतेक कृष्णवर्णीय शिक्षक एक-दोन शाळांतच एकवटलेले असणे असामान्य नाही.

गळती नेमकी कुठे आहे ते शोधावे

माझ्या मते साऱ्या कामातला हा कळीचा टप्पा आहे. टक्केवारी कमी आहे एवढे सांगून बोर्डाला काहीही करता येत नाही. उमेदवार अर्जच करत नाहीत, अर्ज करतात पण मुलाखतीला बोलावले जात नाहीत, बोलावले जातात पण निवडले जात नाहीत, की निवडले जातात आणि दोन-तीन वर्षांत निघून जातात, या चार परिस्थितींची कारणे वेगळी आणि उपायही वेगळे आहेत.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा एका डिस्ट्रिक्टमध्ये ४०० शिक्षक आहेत आणि त्यांत ४०, म्हणजे १० टक्के, श्वेतेतर आहेत. दरवर्षी ३० जागा रिकाम्या होतात आणि त्यांपैकी ९ जागांवर श्वेतेतर शिक्षक नेमले जातात. भरतीचे हे ३० टक्के प्रमाण कागदावर चांगले दिसते आणि डिस्ट्रिक्ट ते अभिमानाने सांगेल. पण दरवर्षी ९ श्वेतेतर शिक्षक सोडूनही जात असतील तर पाच वर्षांनंतरही संख्या ४० च राहील. भरती तेवढीच ठेवून सोडून जाणाऱ्यांची संख्या ५ वर आणली तर दरवर्षी ४ ची भर पडेल, पाच वर्षांत संख्या ६० होईल आणि प्रमाण १५ टक्क्यांवर जाईल. एकही जास्तीचा उमेदवार न शोधता घडलेला हा बदल आहे. म्हणून मी सांगेन की ‘किती नेमले’ या प्रश्नाआधी ‘किती गेले आणि का गेले’ हा प्रश्न विचारावा.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे रिचर्ड इंगरसोल आणि त्यांचे सहकारी यांनी राष्ट्रीय पाहण्यांच्या आधारे अनेक वर्षे हेच दाखवले आहे. श्वेतेतर शिक्षकांची भरती गेल्या काही दशकांत लक्षणीय वाढली, पण त्यांचे नोकरी सोडण्याचे प्रमाणही अधिक राहिले. आणि त्यामागे विद्यार्थी गरीब किंवा श्वेतेतर असणे हे मुख्य कारण नव्हते. शाळेच्या निर्णयांत शिक्षकाला कितपत स्थान आहे आणि आपल्या वर्गात त्याला किती स्वातंत्र्य आहे, यावर बरेच काही अवलंबून होते.

कायदा कुठे परवानगी देतो आणि कुठे अडवतो

हा भाग वगळू नये. हेतू चांगला असला तरी बेकायदेशीर मागणी केल्यास तुमची विश्वासार्हता पहिल्याच सभेत संपते. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण नोकरीत वंश, वर्ण, धर्म, लिंग आणि मूळ राष्ट्र यांवरून भेद करण्यास मनाई करते आणि १९७२ पासून ते राज्य व स्थानिक सरकारांना, म्हणजे शाळांनाही, लागू आहे. १९८६ च्या ‘वायगंट’ खटल्यात मिशिगनमधील एका बोर्डाने श्वेतेतर शिक्षकांना कपातीतून वाचवण्यासाठी केलेली तरतूद सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, आणि ‘मुलांना आदर्श हवेत’ हे कारण त्यासाठी पुरेसे मानले नाही. न्यू जर्सीतील पिस्कॅटवेचे प्रकरण आपल्या वाचकांना भौगोलिकदृष्ट्याही जवळचे आहे. १९८९ मध्ये तेथील हायस्कूलच्या वाणिज्य विभागात एक जागा कमी करायची होती आणि दोन शिक्षिकांची सेवाज्येष्ठता अगदी सारखी होती. विभागातील एकमेव कृष्णवर्णीय शिक्षिका राहावी म्हणून बोर्डाने दुसरीला, श्वेतवर्णीय शिक्षिकेला, कमी केले. १९९६ मध्ये अपील न्यायालयाने हे सातव्या प्रकरणाचे उल्लंघन ठरवले आणि १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सुनावणी होण्यापूर्वीच तडजोड झाली. जून २०२५ मध्ये ‘एम्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने स्पष्ट केले की, बहुसंख्य गटातील व्यक्तीने भेदभावाची तक्रार केली तर तिला अधिक कठोर निकष लावता येणार नाही.

याचा सरळ अर्थ असा की, जागा राखून ठेवा, दोन उमेदवारांपैकी वंशावरून एक निवडा, अमुक टक्के कोटा ठरवा, अशा मागण्या करू नयेत. भारतातील आरक्षणाची चौकट येथे लागू होत नाही, आणि तीच भाषा वापरली की चर्चा भरकटते. परंतु अर्जदारांचा परीघ वाढवणे, अनावश्यक अडथळे काढणे, सर्वांना समान प्रश्न विचारून मुलाखती घेणे आणि शिक्षक टिकतील अशी परिस्थिती निर्माण करणे, या सर्व गोष्टी सर्व उमेदवारांसाठी खुल्या असतात आणि त्यांना कायद्याची आडकाठी नाही. राजकीय वारे सध्या प्रतिकूल आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण खात्याने वैविध्याशी संबंध असल्याचे कारण देऊन शिक्षक-प्रशिक्षणाची अनेक अनुदाने रद्द केली आणि ४ एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती कारवाई तूर्त चालू राहू दिली. म्हणून केंद्राच्या पैशावर उभ्या असलेल्या योजनेपेक्षा डिस्ट्रिक्ट स्वतःच्या अंदाजपत्रकात चालवू शकेल अशी योजना मागणे शहाणपणाचे आहे.

प्रत्यक्ष काय मागावे

अर्ज कमी येत असतील तर प्रशिक्षणाच्या वाटेकडे पाहावे. शिक्षक होण्याआधी विद्यार्थ्याला साधारण एक सत्र पूर्णवेळ शाळेत शिकवावे लागते आणि बहुतेक ठिकाणी त्याचा मोबदला मिळत नाही. ज्याला घरभाडे स्वतःच्या कमाईतून भरायचे आहे त्याला चार महिने बिनपगारी काम परवडत नाही, आणि वाट तेथेच बंद होते. डिस्ट्रिक्टने या काळात मानधन द्यावे ही मागणी साधी, वंशनिरपेक्ष आणि परिणामकारक आहे. याहून भक्कम उपाय म्हणजे शाळेतच काम करणाऱ्या पॅराप्रोफेशनल म्हणजे वर्ग-साहाय्यकांना शिक्षक होण्यासाठी मदत करणे. शिक्षकांच्या तुलनेत हा वर्ग पुष्कळ अधिक विविध असतो, मुलांना आणि परिसराला ओळखतो, आणि त्यांतील अनेकांना केवळ पदवी आणि सर्टिफिकेट (शिकवण्याचा परवाना) यांची उणीव असते. इलिनॉयने २००४ मध्ये यासाठी ‘ग्रो युवर ओन’ नावाचा कायदा केला, बॉस्टनमध्ये २००३ पासून वर्षभर अनुभवी शिक्षकाच्या वर्गात राहून शिकण्याची ‘रेसिडेन्सी’ चालते, आणि जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी हे शिक्षकी पेशासाठी केंद्राची मान्यता असलेली, पगारासह चालणारी ‘अप्रेंटिसशिप’ सुरू करणारे पहिले राज्य ठरले. बोर्डासमोर जाताना असे चालू असलेले नमुने सांगावेत.

परीक्षांचा प्रश्न नाजूक आहे. शिक्षकाला विषय आला पाहिजे यात दुमत नाही. पण प्रवेशाच्या टप्प्यावरील सर्वसाधारण कौशल्याच्या चाचण्या चांगला शिक्षक ओळखतात का, याविषयी गंभीर शंका आहेत. न्यू यॉर्क शहरात एका जुन्या परीक्षेमुळे नोकरी नाकारल्या गेलेल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो शिक्षकांनी १९९६ मध्ये दाखल केलेल्या ‘गुलिनो’ खटल्यात न्यायालयाने ती परीक्षा भेदभाव करणारी ठरवली आणि शहरावर एक अब्ज डॉलरहून अधिक भरपाईचा भार आला. न्यू यॉर्क राज्याने २०१७ मध्ये साक्षरता कौशल्याची वेगळी परीक्षा काढून टाकली, आणि न्यू जर्सीने १ जानेवारी २०२५ पासून ‘प्रॅक्सिस कोअर’ या सर्वसाधारण कौशल्याच्या चाचणीची अट काढली, विषयज्ञानाची परीक्षा कायम ठेवून. ‘दर्जा खाली आणला’ हा आक्षेप येतो तेव्हा हा फरक शांतपणे समजावून सांगावा.

मुलाखतीच्या टप्प्यावर गळती दिसत असेल तर तीन गोष्टी विचाराव्यात. जाहिरात केव्हा निघते? उन्हाळ्याच्या अखेरीस भरती करणाऱ्या डिस्ट्रिक्टला चांगले उमेदवार आधीच दुसरीकडे गेलेले दिसतात, म्हणून वसंतातच पदे जाहीर करणे महत्त्वाचे आहे. सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर गुण दिले जातात का? ‘आमच्या शाळेत शोभेल’ असा मोघम शेरा लिहून उमेदवार नाकारण्याची सवय जेथे असते तेथे मुलाखत घेणाऱ्यासारखाच दिसणारा आणि बोलणारा माणूस पुन्हा पुन्हा निवडला जातो. आणि उमेदवार शोधण्यासाठी कुठे जातात? तीच जवळची दोन-तीन कॉलेजे, की ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठे आणि हिस्पॅनिक विद्यार्थी मोठ्या संख्येने असलेली कॉलेजेही?

टिकवण्याबाबत सर्वांत उपयुक्त मागणी स्वस्त आहे. सोडून जाणाऱ्या प्रत्येक शिक्षकाची मुलाखत प्रिन्सिपलने न घेता डिस्ट्रिक्टच्या मनुष्यबळ विभागाने किंवा त्रयस्थाने घ्यावी आणि तिचे एकत्रित निष्कर्ष वर्षातून एकदा बोर्डासमोर ठेवावेत. कारण ज्या प्रिन्सिपलमुळे शिक्षक जातो त्यालाच तो खरे कारण सांगेल अशी अपेक्षा करता येत नाही. तसेच न दिसणाऱ्या जादा कामाची नोंद व्हावी. शाळेतील एकमेव कृष्णवर्णीय पुरुष शिक्षकाकडे शिस्त बिघडवणारी मुले पाठवली जातात, स्पॅनिश बोलणाऱ्या शिक्षिकेला दर पालकसभेत दुभाषी व्हावे लागते, भारतीय शिक्षिकेवर दिवाळीच्या कार्यक्रमाची आणि प्रत्येक भारतीय पालकाच्या तक्रारीची जबाबदारी येते. हे काम मोलाचे आहे, म्हणूनच त्याचे पैसे मिळावेत किंवा तेवढे तास कमी व्हावेत. त्याखेरीज नव्या श्वेतेतर शिक्षकाला शाळेत एकटे न नेमता, शक्य तेथे इतर अनुभवी सहकाऱ्यांशी जोडून देणारी मार्गदर्शनाची व्यवस्था सर्व नव्या शिक्षकांसाठी असावी.

बोर्डासमोर कसे बोलावे

स्कूल बोर्डाच्या सभेत नागरिकांना बोलण्यासाठी बहुधा दोन-तीन मिनिटे मिळतात. एवढ्या वेळात एक आकडा, एक कारण आणि एक मागणी मांडता येते, त्याहून अधिक नाही. “आपल्या डिस्ट्रिक्टने गेल्या पाच वर्षांत इतके श्वेतेतर शिक्षक नेमले आणि इतके गमावले. जाणाऱ्यांची त्रयस्थ मुलाखत आपण घेत नाही. पुढील शैक्षणिक वर्षापासून ती घ्यावी आणि जूनच्या सभेत अहवाल मांडावा.” एवढेच बोलून बसावे. मागणी तारीख घालून केली की तिचा पाठपुरावा करता येतो. सभेपूर्वी शिक्षक संघटनेच्या प्रतिनिधींशी बोलावे, कारण कपात, बदल्या आणि कामाचे तास करारात ठरतात आणि संघटनेला विरोधात ठेवून त्यांपैकी काहीही बदलत नाही. आणि कृष्णवर्णीय व हिस्पॅनिक पालकांच्या गटांकडे आधी जावे. ते या प्रश्नावर अनेक वर्षे काम करत असतात, त्यामुळे त्यांचे ऐकून घेऊन त्यांच्या मागणीला पाठिंबा देणे हे पुष्कळदा स्वतंत्र आघाडी उघडण्यापेक्षा उपयोगी पडते.

स्वतः शिक्षक व्हायचे असेल तर

भारतात बी.एड. करून शिकवलेल्या आणि लग्नानंतर अमेरिकेत आल्यावर घरी बसलेल्या मराठी स्त्रिया पुष्कळ आहेत. आशियाई शिक्षकांचे प्रमाण २ टक्के असण्यामागे ही न वापरलेली पात्रताही आहे, असे मला वाटते. वाट लांब आहे, पण बंद नाही.

प्रथम काम करण्याचा परवाना तपासावा. एच-४ व्हिसावर (एच-१बी धारकाच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) असलेल्यांपैकी ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० हा ग्रीन कार्डासाठीचा अर्ज मंजूर झाला आहे, त्यांना रोजगार परवान्यासाठी अर्ज करता येतो. त्यानंतर राज्याच्या शिक्षण खात्याने मान्य केलेल्या संस्थेकडून पदवीचे विषयवार मूल्यमापन करून घ्यावे. ‘नेसेस’ या संघटनेच्या सदस्य संस्था बहुतेक राज्यांत चालतात, तरी आपल्या राज्याची यादी आधी पाहावी. तीन वर्षांची पदवी आणि त्यावर बी.एड. यांचे मूल्यमापन सर्वत्र सारखे होत नाही, म्हणून पैसे भरण्याआधी संस्थेला तसे स्पष्ट विचारावे, आणि मुंबई किंवा पुणे विद्यापीठाची ट्रान्स्क्रिप्ट मागवण्याची प्रक्रिया शक्य असल्यास भारतभेटीतच सुरू करावी. पुढे राज्याने ठरवलेली विषयाची परीक्षा, बोटांचे ठसे व पार्श्वभूमीची तपासणी, आणि पारंपरिक अभ्यासक्रम झालेला नसल्यास पर्यायी मार्गाने सर्टिफिकेट, असा क्रम असतो. गणित, विज्ञान, विशेष शिक्षण आणि द्विभाषिक शिक्षण या क्षेत्रांत शिक्षकांची टंचाई अधिक असते.

यादरम्यान सब्स्टिट्यूट शिक्षक किंवा वर्ग-साहाय्यक म्हणून काम सुरू करावे. अमेरिकेतील वर्ग चालतो कसा, मुले शिक्षकाशी कशी बोलतात, विशेष गरजा असलेल्या मुलाच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्याची बैठक कशी होते, हे पुस्तकातून कळत नाही, आणि प्रिन्सिपलची शिफारसही येथूनच मिळते. उच्चाराची धास्ती अनेकींना असते. कायद्याच्या दृष्टीने उच्चार मूळ राष्ट्राशी निगडित आहे, आणि तो शिकवण्याच्या कामात खरोखर अडथळा आणत असेल तरच नियुक्तीत विचारात घेता येतो, केवळ वेगळा आहे म्हणून नव्हे. मुलाखतीत यावरून डावलले गेल्यास समान रोजगार संधी आयोगाकडे तक्रार करता येते. त्यासाठी मुदत १८० दिवसांची असते, आणि जेथे राज्याची स्वतःची यंत्रणा आहे तेथे ३०० दिवसांची. म्हणून मुलाखतीची तारीख, विचारलेले प्रश्न आणि आलेला ईमेल त्याच दिवशी जपून ठेवावा.